वाकडं असेल त्यानं बाकावर बसावं

माझं लग्न अडवलं कोणी, असं कोणी विचारलं की मी आमच्या चर्चच्या जुन्या पाळकसाहेबांकडे बोट दाखवते. लावलं कोणी, असं विचारलं तरी बोट तिकडेच जातं. ही गोष्ट माझ्या नवऱ्यानं इतक्यांदा ऐकली आहे की मी नुसतं 'आमचे पाळकसाहेब' म्हटलं की तो चपला घालून दूध आणायला निघतो. त्याला जाऊ द्या. तुम्ही ऐका.

संग्रामपूरला आमची मंडळी अगदी मूठभर. मंडळी म्हणजे चर्चला येणारी सगळी घरं मिळून. पत्र्याच्या छपराचं चर्च, दारात एक कडुलिंब, आणि उत्तरेकडे नजर टाकली की सातपुडा. एवढ्याशा मंडळीला वरचे लोक एकतर अगदी नवखा पाळक देतात, नाहीतर दुसऱ्या कोणालाच नको असलेला. आमच्या वाट्याला दुसरा आला. उंच, काटकुळा माणूस. चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. आयुष्यभर सायकल चालवली म्हणून पायजम्याला चिमटा लावायची सवय. पुढे सायकल विकून जुनी मोपेड घेतली, तरी चिमटा काही सुटला नाही. उपासनेत पांढरा झगा घालायचे, त्याखालूनही तो चिमटा चमकायचा.

पहिल्याच रविवारी त्यांनी सगळ्यांना चकित केलं. आम्हाला तासाभराच्या प्रवचनाची सवय. बायका त्या तासात संध्याकाळच्या भाजीचा विचार करून ठेवायच्या. या बाबांनी एक वचन वाचलं, चहाला उकळी यावी तेवढ्या वेळात त्याचा अर्थ सांगितला आणि पुस्तक मिटलं.

"ऐकलं ना? आता करा," म्हणाले. "पुढच्या रविवारी विचारतो."

आणि खरंच विचारलं हो! हजेरी घेतल्यासारखं. कोणी केलं नव्हतं. मग पुन्हा तेच वचन, तेच प्रवचन. तिसऱ्या रविवारीही तेच. आमच्यातल्या एका जाणत्या काकांनी धीर करून म्हटलं, "साहेब, पुस्तक भल्लं मोठं हाय, थोडं पुढं सरका ना." तर म्हणाले, "मागचं पचल्याबिगर पुढचं वाढत नसतेत. दहा आज्ञा देवानं एका दमात देल्या. आपल्याले एका दमात पेलत नाहीत, तं मी काय करू?"

अशा चालीनं विश्रामवाराची आज्ञा आली. ती वाचता वाचता साहेब मध्येच थांबले. बोटावर मोजायला लागले. पोराला सुट्टी, पोरीला सुट्टी, नोकराला, जनावराला, दारातल्या परक्यालाही सुट्टी. मग चष्मा वर करून सगळ्या पुरुषांकडे पाहिलं.

"याच्यात बायकोचं नाव नाही. म्हनून तुमच्या घरची चूल रविवारी डबल पेटते काय? बैलाले सुट्टी अन् घरवालीले नाही, हे कोनी शिकवलं तुम्हाले?"

झालं! रविवारचा स्वयंपाक पुरुषांवर आला. आता आमच्या वऱ्हाडातल्या पुरुषांना येऊन येऊन येतं काय, तर रोडगे. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकून तुपात बुडवायचे, सोबत वरण आणि झणझणीत वांग्याची भाजी. शेतातल्या पार्टीला पिढ्यान्‌पिढ्या पुरुषच करतात हे. मग दर रविवारी उपासना सुटली की चर्चच्या अंगणात धूर निघायचा आणि आमच्या आया लिंबाखाली पाय पसरून बसायच्या. माझी आई तर मुद्दाम ओरडायची, "मीठ पाहून टाका हो!" तिला त्या वाक्याची फार चटक लागली होती.

वास सगळ्या गल्लीत जायचा. जाणारायेणारा थबकला की साहेब त्याचा हात धरूनच आणायचे. "परक्याले सुट्टी हाय तं जेवनबी हाय." कोण कुठल्या धर्माचा, कुठल्या आळीचा, हे त्यांनी कधी विचारलं नाही. पत्रावळ पुढे करून एकच विचारायचे, "तिखट चालते ना?"

मग खोट्या साक्षीची आज्ञा आली आणि मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कर्फ्यू लागला. स्वतः पाहिलं नाही, ऐकलं नाही, ते पुढे पाठवायचं नाही. लसणानं हार्ट अटॅक थांबतो, अमक्या गावात मुलं पळवणारी टोळी आली, सगळं बंद. राहिले फक्त सकाळचे नमस्कार. त्यातही एका ताईंनी बर्फाच्या डोंगराचा फोटो टाकला तर साहेबांचा लगेच निरोप, "ताई, हा डोंगर तुम्ही कवा पाह्यला?" बिचारीनं दुसऱ्या दिवशी स्वतःच्या दारातल्या सदाफुलीचा फोटो टाकला. तेव्हापासून आमचा ग्रुप म्हणजे सगळा सदाफुली, दुधी भोपळे आणि वासरं.

पण खरा कहर होता तो त्यांच्या शनिवारच्या फेरीचा. शनिवारी मोपेड काढून ते आमच्या घरी नाही, आमच्या शेजाऱ्यांच्या घरी जायचे. हिंदू, बौद्ध, मुसलमान, ज्याच्या भिंतीला आमच्यातल्या कोणाची भिंत लागते तिथे. ओट्यावर टेकायचे, पाणी मागायचे आणि विचारायचे, "आमच्या लोकायचं काही चुकलं का तुमच्यासंग?"

लोक चाट पडायचे. तक्रार ऐकणारा साहेब माहीत असतो, तक्रार मागत फिरणारा कोणी पाहिला होता? कोणी म्हणायचं, तुमच्या अमक्याची बकरी आमची मेथी खाते. रविवारी तो अमका मेथीची जुडी घेऊन त्या दारात उभा. पलीकडच्या आळीत एक आजी होती, ती दर शनिवारी नवी तक्रार तयारच ठेवायची. कारण तिला कळलं होतं की तक्रार केली की रविवारी रोडगे घरपोच येतात. साहेबांनाही ते कळलं होतं. ते गंभीर चेहऱ्यानं ऐकून घ्यायचे.

आणि या फेरीचा निकाल लागायचा तो बाकावर. लिंबाखाली त्यांनी सिमेंटचा एक बाक बांधून घेतला होता. रविवारी दारात उभे राहून प्रत्येकाला 'सलाम' म्हणायचे आणि हळूच विचारायचे, "कोनाशी वाकडं हाय का?" असेल तर आत प्रवेश नाही, बाकावर बसायचं. प्रवचन खिडकीतून ऐकू येतंच. ताटलीत अर्पण टाकायची मात्र बंदी. म्हणायचे, "आधी जाय, आपल्या भावाशी गोड होय, मंग देवाले काय द्याचं ते दे. मी नाही म्हनत, त्या पुस्तकातच हाय." सासवा-सुना त्या बाकावर बसल्या, साडू साडू बसले. एकदा नवराबायको दोन टोकांना बसले आणि मधे त्यांची छत्री. प्रवचन संपेपर्यंत छत्री बायकोच्या मांडीवर आणि नवरा छत्रीच्या जागी आला होता.

आता माझ्या बाबांकडे येते. बाबा प्राथमिक शाळेत मास्तर. मंडळीचे पंच. उपासनेची घंटा वाजवायची त्यांनी, अर्पणाची ताटली फिरवायची त्यांनी. घंटेला उशीर झालेला कधी कोणाला आठवत नाही. माणूस सोन्यासारखा, फक्त एक शब्द त्यांच्या तोंडात बसत नव्हता. 'चुकलं.' शाळेत फळ्यावर गणित चुकलं तरी म्हणायचे, "पाहू बरं, कोनाच्या ध्यानात येते!"

आमच्या भिंतीपलीकडे एक काका-काकू राहायचे. शेतकरी घर. मी त्यांच्याच अंगणात वाढले म्हटलं तरी चालेल. त्यांच्या अंगणात बेलाचं झाड, काकांच्या आईनं लावलेलं. महाशिवरात्रीला अर्ध्या गावाची बेलपानं तिथून जायची. त्याची एक फांदी आमच्या अंगणातल्या टाक्यावर आलेली. आता आमच्याकडे नळ कधी येईल त्याचा भरवसा नाही, म्हणून टाकं म्हणजे घरातला जीव, आणि त्यात सारखी पानं पडायची. काका-काकू लेकीकडे गेले होते तेव्हा बाबांनी एका सकाळी शिडी लावली आणि फांदी उतरवून टाकली. ती फांदी नेमकी शिवरात्रीच्या तोंडावर कापली गेली हे बाबांच्या ध्यानीमनीही नव्हतं. काका परत आले. त्यांनी झाडाकडे पाहिलं, आमच्या घराकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. भांडण नाही, शिवी नाही. बोलणंच बंद. काकूंची वाटी भिंतीवरून यायची ती बंद झाली.

आई म्हणायची, "जाऊन दोन शब्द बोला ना." बाबा म्हणायचे, "पानं माह्या टाक्यात पडत होते. मी काय चुकलो?" रविवारी दारात साहेबांनी विचारलं तरी 'माह्यं काही वाकडं नाही' म्हणून आत शिरायचे.

तशातच माझं लग्न ठरलं. मुलगा अकोल्याचा. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार भर उपासनेत मुलामुलीची नावं वाचतात आणि कोणाची हरकत आहे का विचारतात. तिन्ही वेळा नावं वाचून झाल्याशिवाय पाळक लग्न लावत नाही. पहिला रविवार गेला, दुसरा गेला. पत्रिका वाटून झाल्या. तिसऱ्या रविवारी साहेबांनी नावं वाचली आणि विचारलं, "या लग्नाले कोनाची हरकत?"

मी ओढणीचं टोक पिळत बसलेली. आणि साहेबांनी स्वतःचाच हात वर केला.

"माह्यी हाय."

"व माय!" आई भर उपासनेत म्हणाली.

बाबा ताटली घेऊन उभे होते ते तसेच राहिले. "साहेब, काय हरकत?"

"पोरीवर नाही, पोरावर नाही. तुमच्यावर हाय, मास्तर. मांडव कुठं घालनार?"

"अंगनात."

"मांडवाचा दोर कोनाच्या भिंतीले बांधनार? काल मी त्या घरी पानी पेलो. तुमचं नाव काढलं तं त्या मानसानं मान फिरवली. काकू बेलाकडे पाहून डोळे पुसत होती. ताटली ठेवा. बाहेर बाक हाय."

बाबांचे कान लाल झाले. "तो काय आपल्या मंडळीतला हाय? पुस्तकात भाऊ म्हटलं हाय, भाऊ!"

"दोघायची भिंत एक हाय ना?" साहेब म्हणाले. "मंग भाऊच झाला. एका भिंतीवरून भाऊच भांडतेत."

बाबांनी ताटली अशी आपटली की ती टेबलावर गोल गोल फिरत राहिली. मग ते ताठ मानेनं बाहेर गेले आणि बाकावर बसले.

तुम्ही हसाल, पण माझं लग्न टांगणीला लागलं. दोन दिवसांत बातमी अकोल्याला. नवऱ्या मुलाच्या आत्याचा फोन, "तिसऱ्या वेळेला नाव थांबलं म्हणजे पोरीचं काहीतरी असेल." तो बिचारा म्हणाला, आपण कोर्टात करू. बाबा म्हणाले, दुसऱ्या गावच्या चर्चात करू. पण मला माहीत होतं, दुसऱ्या गावी लग्न लावलं तर बाबा या चर्चमध्ये परत कधी पाय ठेवणार नाहीत. आणि घंटा वाजवली नाही तर माझा बाप आठवड्याभरात म्हातारा होईल. मी तणतणत साहेबांकडे गेले. ते अंगणात बसून वरणाचं भगोनं राखेनं घासत होते.

"साहेब, माह्या लग्नाचा बट्ट्याबोळ केला तुम्ही!"

"होईन व पोरी तुह्यं लग्न."

"कवा? दात पडल्यावर?"

"तुह्या बापाच्या एका शब्दावर हाय."

"तोच शब्द त्याईच्या तोंडातून निघत नाही! आईलेबी कधी म्हटला नाही त्याईनं."

साहेबांचा हात भगोन्यावर थांबला. "माहीत हाय मले," म्हणाले. "मलेबी येत नाही तो म्हनता. म्हनून तं बाक बांधला, का बाप्पा, लोकायचं पाहून तरी आपल्याले जमते का पाहू. अजून काही जमलं नाही." आणि पुन्हा खसाखसा घासायला लागले. मला त्या माणसाचा इतका राग आला आणि इतकी कीवही आली, की मी शेवटी भगोन्यावर पाणी ओतून द्यायला बसले.

पुढचा रविवार. बाबा घरातूनच उशी घेऊन निघाले आणि थेट बाकावर जाऊन बसले. घंटा आईनं वाजवली. वर्षानुवर्षांची हौस फेडून घेतली, पार बडवली. आम्ही आत बसलो. मी मुद्दाम खिडकीशी. गीत झालं. व्यासपीठ रिकामं. दुसरं गीत झालं. साहेब नाहीतच! खिडकीतून पाहते तर पांढरा झगा लिंबाखाली उभा.

"सरका," साहेब बाबांना म्हणाले.

"आत जा ना. लोक खोळंबून राह्यले."

"नाही जाता येत. माह्यं वाकडं हाय एका मानसाशी."

"कोनाशी?"

"तुमच्याशी. तुम्ही माह्यावर रागावले हाय."

"रागावलोच हाय!"

"मंग सरका."

बाबा सरकले. दोघं बसले, एक झगा, एक उशी. आत आमची गीतं संपत आली. कोणीतरी नाताळचं गीत सुरू केलं, बाहेर एप्रिलचं ऊन मी म्हणतंय! बाबा अस्वस्थ झाले. पोटतिडकीनं म्हणाले, "साहेब, उपासनेची वेळ टळून राह्यली."

"टळू द्या."

साहेब वाकून पायजम्याचा चिमटा काढत होते, लावत होते. मग खाली पाहूनच म्हणाले, "मास्तर, भर मंडळीत तुम्हाले उठवलं. घरी येऊन सांगाले पाह्यजे होतं. चुकलं माह्यं."

बाबा त्यांच्याकडे पाहतच राहिले. एकाएकी बाबा उठले, उशी बाकावर टाकली. "चला."

"कुठं?"

"तुम्ही म्हनू शकता, तं मी काय तुमच्यापेक्षा कमी हाय?"

आणि माझा बाप तरातरा आमच्या गल्लीकडे निघाला. मागे चिमटा हातात धरून साहेब, त्यांच्या मागे मी, माझ्या मागे आई, आणि नाताळचं गीत अर्ध्यावर टाकून सगळी मंडळी.

काका अंगणात खाटेवर बसले होते. एवढी वरात पाहून उभे राहिले. काकू दारात आल्या. बाबांनी तोंड उघडलं, मिटलं. मागे वळून साहेबांकडे पाहिलं. साहेब सगळ्यांच्या चपला ओळीनं लावण्यात गुंतले होते, त्यांनी वर पाहिलंच नाही.

"भाऊ," बाबा म्हणाले. "चुकलं माह्यं. न विचारता कापली."

काका बेलाकडे पाहत म्हणाले, "फांदीचं काय हो, मास्तर. फांदी येते. माह्या मायचं झाड होतं ते, तुम्हाले माहीत होतं. एक आवाज देला असता तं मीच कुऱ्हाड घेऊन चढलो असतो. इतक्या वर्साचं शेजारपन, अन् तुम्ही मी नसताना शिडी लावली. ते लागलं मले."

बाबा मान खाली घालून उभे. काकू एकदम म्हणाल्या, "अन् तुम्ही काय केलं तेबी सांगा की आता!"

काका गडबडले. मग कान खाजवत म्हणाले, "तवापासून मी रोज सकाळी पानं झाडून भिंतीवरून तुमच्या टाक्यातच टाकून राह्यलो."

"तरीच!" आई ओरडली. "मी म्हटलं फांदी गेली अन् पानं दुप्पट कशी!"

आधी काकू हसल्या, मग आई, मग सगळी मंडळी. बाबा हसता हसता डोळे पुसायला लागले तेव्हा काकांनी त्यांना खाटेवर ओढून बसवलं. मी काकूंच्या गळ्यात पडून रडले, स्पष्टच सांगते, अगदी भोकाड पसरून रडले.

साहेबांनी मात्र टाळी वाजवली. "चला, उपासना बाकी हाय. तुम्हीबी चला," ते काकांना म्हणाले. "हरकत इचाराची हाय. पयला हक्क तुमचा."

काका डोक्याला रुमाल बांधून आले आणि आयुष्यात पहिल्यांदा आमच्या चर्चमध्ये मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले. साहेबांनी नावं वाचली. "कोनाची हरकत?" सगळ्या माना मागे वळल्या.

"हाय," काका म्हणाले. मी पुन्हा ओढणी पिळायला लागले. "पोरगी इतक्या दूर काऊन देता? इथं कोनी पोरगं नव्हतं काय?"

ती हरकत फेटाळण्यात आली. मांडव दोन्ही अंगणांत पडला, दोर काकांनी स्वतःच्या हातानं बेलाच्या खोडाला बांधला, आणि जेवणाला दुसरं काय असणार? दोन्ही घरच्या पुरुषांनी केलेले रोडगे. अकोल्याच्या आत्यांनी पाच खाल्ले आणि मग त्यांना पोरीत काही खोट दिसली नाही.

पुढे दोनेक वर्षांनी साहेबांची बदली झाली. मी माहेरी आले होते. सामानाचा टेम्पो चर्चच्या दारात उभा, सामान म्हणजे पुस्तकं, मोपेड आणि वरणाचं भगोनं. सगळी गल्ली जमली होती, तक्रारीवाली आजीसुद्धा. साहेब प्रत्येकासमोर उभे राहून विचारत होते, "माह्यं तुमच्याशी काही वाकडं?" लोक नाही नाही म्हणत रडत होते.

शेवटी बाबा राहिले. ते गर्दीत नव्हतेच. लिंबाखाली बाकावर बसले होते, मांडीवर तीच उशी.

"मास्तर? काय झालं?"

"माह्यं वाकडं हाय," बाबा म्हणाले. "तुमच्याशी. तुम्ही आम्हाले सोडून जाऊन राह्यले. आता तुमचाच नेम हाय, मिटल्याबिगर जाता येत नाही. जाऊन दाखवा."

ज्या माणसाकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असायचं, तो चष्म्याचा दोरा सोडत बांधत उभा राहिला. टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला.

"मंग मी काय करू?" साहेबांनी हळूच विचारलं.

"काही नाही," बाबा म्हणाले आणि उशी मधे ठेवून सरकले. "बसा थोडं."